वस्तऱ्याची किंमत कोणी सांगायची?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही सलूनमध्ये आज जे हत्यार दिसते त्याला लोक वस्तराच म्हणतात. पण तो खरा वस्तरा नव्हे, ती नुसती मूठ आहे. तीत अर्धे ब्लेड अडकवायचे, एका गिऱ्हाइकाची दाढी करायची आणि ब्लेड फेकून द्यायचे. खरा वस्तरा म्हणजे एकसंध पोलादाचे पाते, दगडावर धार लावून आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून पिढी-दोन पिढ्या चालणारे. आमच्या घरांतून त्याला उस्तरा म्हणत. १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीचे देशातले पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या दशकात सुईबरोबर वस्तऱ्याचेही नाव घेतले जाऊ लागले. गिऱ्हाईक स्वतःच ‘नवे ब्लेड लाव’ म्हणू लागले. भीती निराधार नव्हती. हिपॅटायटिस ‘बी’ या काविळीचा विषाणू तर शरीराबाहेर सात दिवससुद्धा तग धरतो. वस्तरे धोकटीतच राहिले, मग धोकटी पत्र्याच्या पेटीत गेली आणि पेटी माळ्यावर.

आता हे वस्तरे पुन्हा शोधले जाऊ लागले आहेत. दाढी राखणाऱ्या तरुणांना गालावरचे आणि गळ्याचे खत घरच्या घरी, एका रेषेत काढायचे असते. कोणाला रोज ब्लेड फेकणे खटकते, कोणाला नुसती हत्याराची हौस असते. जर्मनीतल्या सोलिंगेनचा नवा वस्तरा घ्यायचा तर दहा हजारांच्या पुढे जावे लागते. नव्याच्या नावाखाली चार-पाचशेत मिळणारी चकचकीत पाती बहुधा धार धरत नाहीत. तेव्हा शिकाऊ माणसाला शहाणपणाचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे चांगला जुना वस्तरा स्वस्तात मिळवणे. यात वावगे काही नाही. जुनी वस्तू वापरात आणणे इस्राफच्या, म्हणजे उधळपट्टीच्या, नेमके उलट आहे. आमचा प्रश्न त्या ‘स्वस्तात’ या शब्दापाशी सुरू होतो.

पण आधी वस्तूच नीट समजून घेऊ. वस्तूचे ज्ञान नसलेल्या माणसाला व्यवहारातली नीती कळत नाही, असे आमचे मत आहे. जो पारखू शकत नाही तो फसतो तरी किंवा नकळत फसवतो तरी.

वस्तरा हाती घेतला की प्रथम मुठीवरचा नव्हे, पात्यावरचा गंज पाहावा. पाठीवर किंवा पोटावर काळे डाग असतील तर बिघडत नाही, ते नुसते वय आहे. पण धारेच्या कडेला गंजाने सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडले असतील तर कितीही घासले तरी धार तिथे तुटतच राहणार. मग पाते उजेडासमोर धरून धारेकडे सरळ पाहावे. चांगली धार दिसतच नाही. जिथे उजेड चमकतो तिथे ती बोथट आहे किंवा तिला दाता पडला आहे. बारीक दाता दगडावर निघतो. धारेपासून वर चढत गेलेली चीर असेल तर मात्र वस्तरा खाली ठेवावा, मग तो कोणाच्याही आजोबांचा असो. पात्याची जाड पाठही पाहावी. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात आणि पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. दोन्ही बाजूंना ती सारखी झिजली असेल तर जाणत्या हाताने वापरलेला वस्तरा आहे असे समजावे. एकाच बाजूने खाल्ली असेल तर नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पात्यावर निळसर झाक दिसली तर कोणी तरी ते सायकलवरच्या धारवाल्याच्या चाकावर धरून तापवले आहे आणि पोलादाचे पाणी उतरले आहे हे नक्की. मूठ मिटून पाते बरोबर मधोमध बसते का, रिबिट सैल आहे का, हेही पाहून घ्यावे. नकली हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी सडू लागल्या की त्यांतून निघणारी वाफ आतल्या पात्याला खाते. म्हणून मूठ वरून सुंदर आणि मिटल्यावर पाते जिथे बसते तिथेच गंज, असे दिसले तर सावध व्हावे. मूठ खऱ्या हस्तिदंताची असेल तर तो सौदाच करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. नवशिक्याला रुंदी दीड सेंटीमीटरच्या आसपास, टोक गोल आणि दोन्ही बाजूंनी पोखरून पातळ केलेले पाते बरे पडते. (वस्तऱ्याबरोबर जुना ब्रश पदरात पडत असेल तर केस कशाचे आहेत हे विचारून घ्यावे. असे ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात.)

आणि पात्याच्या बुडावरचा छाप वाचावा. जुन्या वस्तऱ्यांवर दोन गावांची नावे फार दिसतात, इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले सोलिंगेन. या छापाचा इतिहास आमच्या विषयाला धरूनच आहे. एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे नाव मोठे होते आणि सोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या हलक्या मालावर बेधडक शेफील्डचा शिक्का मारत. शेवटी १८८७ साली ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालायला लावले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे आज अभिमानाने मिरवली जातात, पण ती जन्मली इशारा म्हणून. पुढे सोलिंगेनने माल इतका सुधारला की त्या गावाच्या नावालाच कायद्याचे संरक्षण मिळाले. म्हणजे वस्तूवर खरे काय ते लिहायचे की नाही, यावरून या छोट्याशा पात्याच्या धंद्यात दोन देशांचे भांडण झाले होते.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे वळू. जुना वस्तरा स्वस्त असतो त्याची कारणे सारखी नसतात. कधी मूठ तुटलेली असते, पाते डागाळलेले असते, छाप पुसट झालेला असतो. दाढीला तो उत्तम, पण शोकेसमध्ये ठेवणाऱ्याला नको. ही स्वस्ताई निखळ आहे. नवशिक्याने तीच शोधावी, तीत कोणाचे काही जात नाही. कधी फॅशन गेलेली असते म्हणून वस्तू स्वस्त असते, तेही ठीक. पण कधी वस्तरा स्वस्त असतो तो विकणाऱ्याला तो काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे, आणि कधी ठाऊक असूनही त्याला आजच्या आज पैसे हवे असतात म्हणून. वस्तऱ्याचे वजन पन्नास-साठ ग्रॅम. भंगाराच्या भावाने त्याचे दोन रुपयेही होत नाहीत. पेटी काढायला बसलेल्या घरात त्याची तुलना त्या दोन रुपयांशी होते. मग शंभराची नोट म्हणजे उपकारच वाटतो.

विकणाऱ्याने काय सांगावे याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पैगंबर (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, आतले धान्य ओले निघते, आणि ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे त्या व्यापाऱ्याला विचारतात. हा प्रसंग जुम्म्याच्या खुतब्यात कोणी ऐकला नसेल असे नाही. वस्तऱ्याच्या भाषेत सांगायचे तर चीर वर ठेवावी, छाप मागून दाखवावा. पण राशीचा प्रसंग विकणाऱ्याला उद्देशून आहे. घेणाऱ्याच्या हातात जे ज्ञान लपलेले असते त्याचे काय? ती राससुद्धा आतून ओलीच असते.

इथे आम्हाला जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची गोष्ट आठवते. त्यांच्या माणसाने तीनशे दिरहमांना घोडा ठरवला आणि मालकाला पैसे द्यायला घरी आणले. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले की तुझा घोडा तीनशेपेक्षा जास्तीचा आहे. असे करत त्यांनी आपणहून किंमत आठशेपर्यंत नेली. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले ते एवढेच की, प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतीन अशी शपथ त्यांनी पैगंबरांपुढे घेतली होती. इमाम अबू हनीफा (रह.) तर स्वतः कुफ्यातले रेशमी कापडाचे व्यापारी. एक बाई वस्त्र विकायला आली, शंभर म्हणाली. इमामसाहेब म्हणाले, जास्तीचे आहे. ती शंभर-शंभरने चढत चारशेवर गेली, तरी ते तेच म्हणत राहिले. तेव्हा तिला वाटले आपली थट्टा चालली आहे. शेवटी तिसरा जाणता माणूस बोलावून पाचशेला सौदा झाला.

या गोष्टी ऐकायला फार गोड लागतात. त्यामुळेच त्या धोक्याच्या आहेत. थोरांची थोरवी म्हणून मान डोलवायची आणि बाजारात आपण आपले. म्हणून त्यांना जरा कठोरपणे विचारायला हवे: हे कर्तव्य आहे की औदार्य? फिकहची उत्तरे एकसारखी नाहीत. हनफी मतानुसार नुसत्या भावाच्या तफावतीने, ती मोठी असली तरी, सौदा मोडत नाही, त्यात फसवणूक असावी लागते. हंबली फुकहांनी मात्र ज्याला भावच ठाऊक नाही आणि जो समोरच्यावर विसंबून सौदा करतो अशा माणसाला ‘मुस्तरसिल’ म्हटले आहे आणि मोठी तफावत निघाल्यास त्याला सौदा रद्द करण्याचा हक्क दिला आहे. इमाम गझाली (१०५८–११११) यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये व्यापारातला न्याय आणि व्यापारातले एहसान अशी दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि भावाच्या तफावतीचा लाभ न घेणे त्यांनी दुसऱ्यात घातले आहे. म्हणजे फसवले नाहीस तर जुलूम नाही, पण सोडून दिलेस तर भलाई.

आम्ही गझालींशी वाद घालण्याइतके मोठे नाही. पण आमच्या भागातला सौदा ज्या वाक्यावर होतो ते वाक्य त्या दोन प्रकरणांच्या बरोबर मध्ये पडते. किंमत विचारली की विकणारा म्हणतो, “तुम्हीच बघा काय द्यायचं ते.” केजला म्हणतात, आष्टीला म्हणतात, परळीलाही म्हणतात. म्हणणारा कधी खरोखर अनभिज्ञ असतो, कधी नुसता भिडस्त. काही जण डाव म्हणूनही म्हणतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते वाक्य उच्चारले गेले की घेणारा नुसता घेणारा राहत नाही. त्याच्यावर किंमत सोपवलेली असते, तो अमीन झालेला असतो. आणि अमानतीत खियानत ही कमी औदार्याची बाब नव्हे, ती न्यायाचीच बाब आहे. समोरच्याने स्वतः किंमत सांगितली, घासाघीस केली, तर गप्प राहणे फार तर कोतेपणा ठरेल. पण ‘तुम्हीच बघा’ म्हटल्यावर सोलिंगेनचा छाप अंगठ्याखाली झाकून ‘द्या शंभराला’ म्हणणे याला आम्ही दुसरा शब्द वापरू.

यावर रास्त आक्षेप आहे आणि तो उडवून लावणे बरे नव्हे. भंगाराचा धंदा आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजी आहे. गल्लोगल्ली हातगाडी ढकलणारा माणूस विचारेल, पारख शिकायला आम्ही जन्म घालवला, त्याचे मोल नाही का? आहे. शंभर पेट्यांत एक बरा वस्तरा निघतो. तो घासणे, नवी मूठ बसवणे, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसा अडकवून ठेवणे हे श्रम आहेत आणि त्यांचा नफा हलाल आहे. कोणी त्याच्याकडे घोड्याची किंमत आठशेवर नेण्याची अपेक्षा करू नये. जो दोन रुपयांत घेऊन वीस रुपयांत विकतो आणि त्यावर चूल पेटवतो त्याला दहा हजार पगाराच्या वर असलेल्यांनी नीती शिकवणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आम्ही बोलतो आहोत ते हौसेने वस्तरा घेणाऱ्याबद्दल. त्याला पोट भरायचे नाही, त्याला फक्त स्वस्तात मिळवल्याचा आनंद हवा आहे. तो आनंद नेमका कशाचा, हे त्याने स्वतःला विचारावे. पाते चांगले मिळाल्याचा की समोरच्याला कळले नाही याचा?

शपथ ‘प्रत्येक मुसलमाना’च्या हिताची होती, मग विकणारा नाभिक समाजातला असेल तर? हा प्रश्न आजच्या वातावरणात कोणी तरी विचारणारच. बुखारीचे भाष्यकार इब्न हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: मुसलमानाचा उल्लेख नेहमीचा प्रसंग म्हणून आहे, हितचिंतन इतरांचेही करायचे आहे. शिवाय धोकटी धोकटीच असते. संत सेना महाराजांचे नाव घेणाऱ्याची असो की हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या नावाने स्वतःला सलमानी म्हणवणाऱ्याची असो. दोघांच्याही वस्तऱ्याने आमच्या गावाचे जावळ उतरले आहे.

धोकटी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अवजार ही इतर मालासारखी मालमत्ता नाही हे कायदा आणि शरीअत दोघांनीही मान्य केले आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० कारागिराची अवजारे कर्जापोटी जप्त करू देत नाही. हनफी फिकहमध्ये हुन्नराच्या हत्यारांवर जकात नाही, कारण ती मूलभूत गरजेत मोडतात. ज्या वस्तूला सावकाराने हात लावायचा नाही, बैतुलमालने हात लावायचा नाही, ती हौशी माणसाने मात्र दोन रुपयांच्या हिशेबात उचलावी, हे विसंगत आहे. कोणी म्हणेल, ते आता अवजार राहिलेच नाही, ते गंजते आहे. खरे आहे. पण ज्या वस्तऱ्याने मुलांच्या शाळेचे पैसे दिले, आजूबाजूच्या गावांत खतना केली, बलुत्याचे दाणे घरात आणले, त्याला घरातले लोक ‘भंगार’ म्हणतात तेव्हा ते पुष्कळदा स्वतःच्याच धंद्याविषयी त्यांना ऐकवले गेलेले शब्द परत म्हणत असतात. हज्जाम हा शब्द आपल्याच समाजात शिवीसारखा वापरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. इस्लाममध्ये जात नाही असे सांगणारेच त्यांत पुढे असतात. अशा घरात जाऊन ‘हे शेफील्डचे पाते आहे, तुमच्या वडिलांनी ते फार नीट राखले आहे, पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजली आहे’ असे सांगणे हा किंमतीचाच भाग आहे. कित्येकदा तो शंभराच्या दुसऱ्या-तिसऱ्या नोटेपेक्षा मोठा भाग असतो. अर्थात तो नोटेऐवजी द्यायचा नाही.

नडीचा प्रश्न बीडकरांना वेगळा समजावून सांगायला नको. दसऱ्याच्या सुमारास या जिल्ह्यातून कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या श्रमाची किंमत फडात ठरत नाही. ती आधीच, पावसाळ्यात, मुकादमाची उचल हातात पडते तेव्हाच्या गरजेवर ठरून गेलेली असते. दोघांची राजीखुशी असते, अंगठाही उठलेला असतो. तरी त्याला न्याय म्हणताना आपली जीभ अडखळते. मग शाळेची फी भरायची म्हणून किंवा दवाखान्यासाठी म्हणून पेटी उघडली गेली असेल तेव्हाचा सौदा तरी वेगळा कसा? अशा वेळी आमच्या मते वस्तऱ्याचा भाव करूच नये. गरज भागवायची तर उसने द्यावे आणि वस्तरा नंतर, निवांतपणी मागावा. अडलेल्याचा भाव हा भाव नव्हेच.

आता नवशिक्याची खरी अडचण. जरीर (रजि.) यांना घोडा कळत होता. नवशिक्याला वस्तरा कळत नाही, किंमतही धड माहीत नाही. तो प्रामाणिकपणे दोनशे देतो, घरी आणतो, स्पिरिटने पुसतो, महिनाभर कोणा जुन्या कारागिराकडून दगडावर हात बसवून घेतो. डाग निघाल्यावर खालून चांगल्या कारखान्याचा छाप उघडा पडतो आणि पाते असे चालते की गालाला कळत नाही. सौदा तर केव्हाच पुरा झाला. हदीसप्रमाणे घेणारा आणि विकणारा एकमेकांपासून वेगळे होईपर्यंतच माघारीची मुभा. त्या हिशेबाने तो मोकळा आहे आणि आम्हीही त्याला दोष देणार नाही. न जाणणे ही फसवणूक नव्हे. पण त्याच घरी पेटीत आणखी दोन वस्तरे होते हे त्याने पाहिले आहे, आणि आज त्याला कळते आहे. तेव्हा त्याने जावे आणि ते दोन काय आहेत, कितीला जातील, भंगारवाल्याला का देऊ नयेत, हे सांगावे. पहिल्याचे जास्तीचे पैसे खिशात घेऊनच जावे. चहा होईल. पैसे बहुधा नाकारले जातील, एकदा, दोनदा. ‘दिलं ते दिलं’ म्हणतील. किंवा उलटेही होईल. मेल्या म्हशीला मणभर दूध निघेल आणि पुढच्या दोन वस्तऱ्यांची किंमत अशी सांगितली जाईल की त्याला ते घेता येणार नाहीत. मग न घेता परत यावे. एकाला दाढी करायला एक पुरतो.